अदृश्य प्रकाशाचे आचार्य

कौलारू घरांच्या छपरांवर आणि उंच इमारतींच्या गच्च्यांवर आकाशाकडे तोंड करून बसलेली एक उथळ तबकडी तुमच्या नित्य पाहण्यात असेल. कोणी तिला डिश म्हणतात, कोणी छत्री म्हणतात. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील उपग्रहाने धाडलेल्या लाटा ही तबकडी एका ठिकाणी गोळा करते. तिच्यासमोर दांडीच्या टोकाला बसविलेले एक लहानसे कर्णा-मुख त्या लाटा आत ओढून घेते आणि खाली घरात ठेवलेली सेट-टॉप बॉक्स नावाची पेटी त्यांतून हवी ती वाहिनी निवडून पडद्यावर आणते. या लाटांची लांबी अवघी अडीच सेंटिमीटर. एवढ्या आखूड विद्युत्-लाटा उत्पन्न करणे, त्यांना वळण लावणे आणि त्यांची पारख करणे ज्या मोजक्या पुरुषांना प्रथम साधले, त्यांत एक आपल्याच देशातील होते. त्यांचे नाव आचार्य जगदीशचंद्र बसू.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी होते. त्या काळी अधिकाऱ्यांची मुले इंग्रजी शाळेत जात. परंतु आधी मातृभाषा आणि आपली माणसे ओळखावी, मग परकी भाषा शिकावी, असे भगवानचंद्रांचे मत असल्याने त्यांनी मुलाला फरीदपूरच्या बंगाली शाळेत घातले. तेथे जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे, तर दुसऱ्या बाजूला एका कोळ्याचा. त्यांच्या तोंडून पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टी ऐकता ऐकता सृष्टीविषयीचे त्याचे कुतूहल जागे झाले.

पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफाँ यांच्या प्रयोगांनी त्यांना पदार्थविज्ञानाची गोडी लावली. १८८० मध्ये ते वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंडला गेले. पण वारंवार येणाऱ्या तापाने तो बेत सोडावा लागला आणि ते केंब्रिजला जाऊन विज्ञान शिकू लागले. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारखा थोर गुरू त्यांना लाभला. तो ताप आला नसता, तर बंगालला आणखी एक डॉक्टर मिळाला असता, इतकेच!

१८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे पहिल्याच महिन्यात एक अन्याय त्यांच्यासमोर उभा राहिला. भारतीय प्राध्यापकास युरोपियन प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांशच वेतन मिळे. शिवाय त्यांची नेमणूक हंगामी असल्याने त्याचेही निम्मेच त्यांच्या वाट्याला येणार होते. त्यांनी भांडण केले नाही आणि नोकरीही सोडली नाही. रोज वर्गावर जाऊन उत्तम शिकवायचे आणि महिनाअखेर वेतनाला हात लावायचा नाही, असा त्यांनी निश्चय केला. एक नाही, दोन नाही, तब्बल तीन वर्षे त्यांनी तो पाळला. वडील कर्जात बुडाले होते. १८८७ मध्ये अबलादेवींशी विवाह झाला, तो याच ओढगस्तीत. भाडे परवडावे म्हणून दोघे चंद्रनगरला राहू लागली. सकाळी नदीपलीकडे आगगाडीसाठी जाताना जगदीशचंद्र होडी वल्हवीत आणि ती होडी अबलादेवी एकट्या परत घेऊन येत. अखेर सरकारने हार मानली आणि तीन वर्षांचे संपूर्ण वेतन एकरकमी दिले. त्यातून त्यांनी वडिलांच्या कर्जाची फेड केली.

त्या सुमारास युरोपात एक नवल घडले होते. विजेची ठिणगी उडाली की अवकाशात अदृश्य लाटा पसरतात, हे जर्मनीच्या हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८८ साली प्रयोगाने दाखविले. प्रकाश हाही अशाच लाटांचा बनलेला असतो, हे मॅक्सवेल यांनी त्यापूर्वीच गणिताने सांगितले होते. मात्र हर्ट्झ यांनी ज्या लाटांवर आरशांचे प्रयोग केले, त्यांची लांबी सुमारे ६६ सेंटिमीटर होती. एवढ्या लांब लाटांशी प्रयोग करायचे, तर आरसे आणि लोलकही भले थोरले हवेत. जगदीशचंद्रांना लाभलेली खोली मात्र अवघी २४ चौरस फुटांची, स्नानगृहाला लागून असलेली. खोली मोठी होत नाही, तर लाटाच लहान कराव्या, असा मार्ग त्यांनी काढला. ३० नोव्हेंबर १८९४ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, उरलेले आयुष्य संशोधनाला वाहण्याचा संकल्प त्यांनी केला. पत्र्याचे काम करणारा एक साधा कारागीर मदतीला घेऊन आणि पदरचे पैसे खर्चून त्यांनी यंत्रे घडविली व २५ मिलिमीटरपासून ५ मिलिमीटरपर्यंत लांबीच्या लाटा निर्माण केल्या. छपरावरच्या तबकडीत आज उतरणाऱ्या लाटा त्याच मापाच्या आहेत.

लाटा उत्पन्न झाल्या, तरी त्या चहूकडे विखुरतात. त्यांना एका वाटेने नेण्यासाठी जगदीशचंद्रांनी धातूची पोकळ नळी वापरली आणि त्या झेलण्यासाठी तोंडाशी रुंद होत जाणारा धातूचा कर्णा लावला. तबकडीपुढच्या दांडीवर आज जे कर्णा-मुख दिसते, ते याच घराण्यातले.

याहून मनोरंजक प्रयोग पुढेच आहे. दोरीचे एक टोक खिडकीला बांधून दुसरे हाताने हलविले, तर लाट वर-खालीही धावते किंवा डावी-उजवीकडेही. ती हाताच्या चालीवर अवलंबून असते. विद्युत्-लाटांचेही तसेच आहे. कोणती लाट उभी डुलते आणि कोणती आडवी, हे ओळखण्यासाठी जगदीशचंद्रांनी कोणते उपकरण घेतले असेल? रेल्वेचे वेळापत्रक! त्या जाडजूड पुस्तकाच्या पानांमध्ये त्यांनी कथिलाचे पातळ वर्ख घातले. एका दिशेने डुलणाऱ्या लाटेपुढे ते पुस्तक एका रीतीने धरले, तर लाट आरपार जाई. तेच काटकोनात फिरविले, की अडून राही. पुढे बंगालमध्ये मुबलक पिकणाऱ्या तागाच्या जुड्या पिळून त्यांनी लाटेच्या वाटेत ठेवल्या. तेव्हा लाटेच्या डुलण्याची दिशाच फिरते आणि पीळ उलटा दिला तर ती उलट बाजूला फिरते, असे त्यांना आढळले. हा शोध १८९८ साली प्रसिद्ध झाला.

उभ्या आणि आडव्या लाटांचा हा भेद घरातल्या पेटीला फार उपयोगी पडतो. एकाच कंपनसंख्येवर उपग्रह दोन स्वतंत्र प्रवाह पाठवू शकतो, एक उभा आणि एक आडवा; दोन्हींची सरमिसळ होत नाही. तुम्ही वाहिनीचा क्रमांक दाबला, की पेटी तारेतून वर विजेचा हलका दाब पाठविते. तो १३ व्होल्ट असला तर कर्ण्यामागची डबी उभ्या लाटा घेते, १८ व्होल्ट असला तर आडव्या. एवढ्या आखूड लाटा तारेत लवकर विरून जातात, म्हणून ती डबी त्यांची कंपनसंख्या उतरवून मगच त्यांना खाली धाडते. पेटीत आलेल्या एकेका प्रवाहात कितीतरी वाहिन्या एकत्र असतात. त्यांची चित्रे आणि आवाज यांचे १८८ बाइटांचे बारीक तुकडे केलेले असून प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घातलेला असतो. कोणत्या वाहिनीचे क्रमांक कोणते, याची यादीही त्याच प्रवाहातून येते. पूर्वी डाकगाडीत बसलेला कारकून पत्ता वाचून पत्रे खणाखणांत टाकीत असे, तद्वत् पेटी ती यादी पाहून हवे ते तुकडे वेचते, जुळविते आणि बाकीचे सोडून देते. मुसळधार पावसात मात्र या लाटांना पावसाचे थेंबच अडवितात, आणि ऐन रंगात आलेला सामना बंद पडतो.

जगदीशचंद्रांच्या खोलीतले हे काम फार दिवस खोलीत राहिले नाही. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. वाटेत खुद्द नायब राज्यपाल उभे होते, भिंती होत्या. तरी लाटांनी पलीकडच्या खोलीत घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. मधे तार मुळीच नव्हती. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हीच उपकरणे जाणत्या श्रोत्यांपुढे मांडली.

यानंतर त्यांच्यासमोर द्रव्याचा मोह उभा राहिला. १९०१ मध्ये तारायंत्राच्या धंद्यातील एका मालकाने त्यांना लंडनमध्ये गाठून शोधाचे पेटंट घेण्याचा आग्रह केला व नफ्यात भागीदारी देऊ केली. जगदीशचंद्रांनी नकार दिला. ज्ञान विकू नये, अशी त्यांची धारणा होती. लाटा ओळखणारे पाऱ्याचे एक साधन त्यांनी १८९९ मध्येच प्रसिद्ध केले होते. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडून संदेश झेलला, तेव्हा वापरलेले साधनही त्याच धर्तीचे होते; जयजयकार मात्र एकट्या मार्कोनींचा झाला. अखेर भगिनी निवेदिता आणि श्रीमती सारा बुल यांच्या आग्रहाखातर त्यांनी एका साधनासाठी अमेरिकेत अर्ज केला आणि १९०४ साली पेटंट मिळाले. गॅलिना नावाच्या खनिजाचा स्फटिक लाटा ओळखतो, हा तो शोध. अशा पदार्थांना आज अर्धवाहक म्हणतात. डबीचे आणि पेटीचे सारे काम अर्धवाहकांवरच चालते. जगदीशचंद्रांनी त्या पेटंटापासून पैसा मिळविला नाही. ते तसेच सरू दिले. हे योग्य होते की अयोग्य, यावर आमच्या वर्गात मुले अनेकदा वाद घालीत, आणि मी तो मुद्दाम मिटवीत नसे.

पुढे त्यांचे लक्ष वनस्पतींकडे वळले. रोपाची अतिसूक्ष्म वाढ मोजणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी बनविले. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी कलकत्त्यात आपल्या संशोधनसंस्थेची, बसु विज्ञान मंदिराची, स्थापना केली, आणि १९२० मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे जगदीशचंद्रांचे निधन झाले. भारतात दूरदर्शनचे पहिले प्रक्षेपण दिल्लीहून झाले ते १९५९ साली, आणि उपग्रहाकडून थेट घराघरांत वाहिन्या पोचविणारी दूरदर्शनची सेवा सुरू झाली ती डिसेंबर २००४ मध्ये. यांतले काहीच त्यांनी पाहिले नाही. त्यांनी आणि त्या कारागिराने घडविलेली उपकरणे बसु विज्ञान मंदिरात जपून ठेवलेली आहेत.