इंग्रजांच्या मालावर बहिष्कार टाकणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन यांनी शेवटी स्वतःचीच व्हिस्कीची भट्टी टाकली

२०२५ च्या मार्चमध्ये ट्रम्प यांनी कॅनडाच्या मालावर टॅरिफ लावला आणि कॅनडातल्या बऱ्याच प्रांतांनी सरकारी दुकानातून अमेरिकन दारू थेट खाली उतरवली. लोकंही परदेशी सोडून आपल्या मातीतली बाटली शोधायला लागले.

पण गंमत अशीये की, ज्या अमेरिकन व्हिस्कीवर हा बहिष्कार पडला, ती स्वतः अशाच एका भांडणातून मोठी झाली होती. तेव्हा समोर इंग्लंड होतं. आणि त्या काळातला सगळ्यात ओळखीचा गिऱ्हाईक होता जॉर्ज वॉशिंग्टन.

अठराव्या शतकात अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींची दारू म्हणजे रम. कॅरिबियन बेटांवर ऊस पिकायचा, त्याची साखर झाली की मळी उरायची आणि मळीतून रम. काही रम बेटांवरून तयार यायची, काही न्यू इंग्लंडमध्ये गाळली जायची, पण मळी मात्र बाहेरचीच.

वॉशिंग्टन यांचा जन्म व्हर्जिनियातला, १७३२ चा. १७५८ मध्ये ते व्हर्जिनियाच्या विधानसभेला उभे राहिले, तेव्हा स्वतः सैन्यात आघाडीवर होते. त्यांच्या माणसांनी त्यांच्या नावावर १६० गॅलन, म्हणजे सहाशे लिटरच्या आसपास दारू वाटली. रम, पंच, वाइन, बिअर, सगळं. मतदार होते चारशेच्याही आत. बिल वॉशिंग्टन यांनी भरलं आणि निवडणूक जिंकली. आपल्याकडच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

या रमची दुसरी बाजू जास्त वाईट आहे.

माउंट व्हर्नन या त्यांच्या इस्टेटीवर शेती गुलामांच्या जिवावर चालायची. १७६६ मध्ये टॉम नावाच्या एका गुलामाला त्यांनी जहाजावर चढवून वेस्ट इंडीजला विकायला पाठवलं. टॉम पळून जायचा, हे कारण. कप्तानाला दिलेल्या यादीत त्याच्या बदल्यात आणायच्या वस्तू होत्या: मळीचं एक मोठं पिंप, चांगल्यातली रम, लिंबं, चिंच, मिठाई आणि उरलेल्या पैशांची परत दारू.

त्याच सुमाराला इंग्लंडच्या संसदेचे कर वसाहतींच्या डोक्यात जायला लागले होते. १७६४ मध्ये मळीवरचा कर वसूल करायला सरकार हात धुवून मागे लागलं आणि १७६७ मध्ये चहा, कागद, काच, रंग यांच्यावर नवा कर आला. १७६९ मध्ये वॉशिंग्टन यांनी शेजारी जॉर्ज मेसन यांच्यासोबत तयार केलेला बहिष्काराचा मसुदा विल्यम्सबर्गला नेला. कुठला माल मागवायचा नाही त्याची भलीमोठी यादी होती आणि त्यात दारू, वाइन, बिअर होतीच. लंडनमधल्या आपल्या व्यापाऱ्यालाही त्यांनी कळवलं की कर लागलेला माल पाठवू नका. फक्त कागदाला तेवढी सूट.

१७७४ मध्ये काँटिनेंटल काँग्रेसने बहिष्कार अजून कडक केला. इंग्रजी बेटांवरची मळी बंद, मदिरा बेटावरची वाइनही बंद. सही करणाऱ्यांमध्ये वॉशिंग्टन होते आणि मदिरा ही त्यांची सगळ्यात आवडती वाइन होती.

मग युद्ध पेटलं. इंग्रज आरमाराने समुद्र अडवला, मळी यायची कमी झाली. सैन्याला तर दारूचा रोजचा वाटा लागायचा. सरसेनापती वॉशिंग्टन यांनी १७७७ मध्ये काँग्रेसला सुचवलं की राज्याराज्यांत सरकारी भट्ट्या उभारा. इकडे आतल्या भागात स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेले शेतकरी राय नावाच्या गव्हासारख्या धान्याची आणि मक्याची व्हिस्की गाळतच होते. रम मिळेना तेव्हा लोक तिच्याकडे वळले. देशप्रेम होतं, पण खरं सांगायचं तर पर्यायही उरला नव्हता.

१७८९ मध्ये वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले. शपथविधीला कनेक्टिकटमध्ये विणलेल्या कापडाचा तपकिरी सूट घातला. घरात बिअरही अमेरिकन. मदिरा मात्र परत टेबलावर आली.

आणि मग खरी पंचाईत झाली. युद्धाचं कर्ज फेडायला १७९१ मध्ये त्यांच्याच सरकारने देशी व्हिस्कीवर कर लावला. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याला धान्य वाहून नेणं परवडायचं नाही, म्हणून तो त्याची व्हिस्की करायचा. कर बसला तो नेमका त्याच्या पोटावर. १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियात बंड झालं. करावरून इंग्लंडशी लढलेले वॉशिंग्टन जवळपास १३ हजारांची फौज घेऊन आपल्याच शेतकऱ्यांवर निघाले. लढाई अशी झालीच नाही. दोघांना देशद्रोहाची शिक्षा झाली, ती वॉशिंग्टन यांनी माफ केली.

१७९७ ला ते निवृत्त झाले. इस्टेटीचा नवा मॅनेजर जेम्स अँडरसन हा स्कॉटलंडचा. त्याने मालकाला पटवलं की धान्य आहे, गिरणी आहे, पाणी आहे, भट्टी टाकू. पिंपं बनवायच्या शेडमध्ये दोन भांड्यांवर सुरुवात झाली. माल खपतोय म्हटल्यावर ७५ फूट लांब दगडी इमारत आणि तांब्याची पाच भांडी आली. १०० भागांत ६० राय, ३५ मका आणि ५ मोड आणलेले जव. ही व्हिस्की मुरवत ठेवायची भानगड नव्हती, पाण्यासारखी पांढरी असतानाच पिंपं विकली जायची. उरलेला चोथा डुकरांना.

१७९९ मध्ये इथून जवळपास ११ हजार गॅलन, म्हणजे ४१ हजार लिटर व्हिस्की निघाली. त्यावेळच्या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या भट्ट्यांपैकी ही एक होती. वॉशिंग्टन व्हिस्कीवरचा करही भरत होते.

पण आगीपुढे राबणारे हात कुणाचे होते? हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमोथी. सहाही जण गुलाम. दारू परदेशीची देशी झाली, राबणारे तेच राहिले.

१४ डिसेंबर १७९९ ला वॉशिंग्टन गेले. मृत्युपत्रात त्यांनी स्वतःच्या मालकीच्या १२३ गुलामांना मुक्त करायला सांगितलं होतं. पत्नी मार्था यांच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीकडून आलेले गुलाम त्यात बसत नव्हते. भट्टी १८१४ मध्ये जळाली. २००७ मध्ये त्याच जागी ती पुन्हा बांधून उघडली आणि जुन्याच प्रमाणाने तिथे आजही व्हिस्की गाळली जाते.