आंबवड्याची समाधी

भोर तालुक्यातील आंबवडे येथे नागेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांपैकी जवळच्या समाधीपाशी क्षणभर थांबणारे थोडेच. शालेय इतिहासात या पुरुषाच्या वाट्याला एखादी ओळही क्वचितच येते. शेजारच्या वेल्हे तालुक्यास आता राजगडाचे नाव मिळाले आहे. तो राजगड मोगलांच्या हातून परत मिळविणारे शंकराजी नारायण गांडेकर यांची ही समाधी होय.

मोरोपंत पिंगळे यांच्या पदरी कारकुनी करून शंकराजी पुढे आले. 1689 मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, येसूबाई व बाळ शाहू मोगलांच्या कैदेत गेले आणि राजाराम महाराजांना जिंजी गाठावी लागली. मागे महाराष्ट्र सांभाळण्याचा भार रामचंद्रपंत अमात्य यांनी उचलला; शंकराजी हे त्यांचे उजवे हात. तिजोरी रिकामी, राजा शेकडो कोस दूर, आणि मावळचे देशमुख मोगलांच्या वतनी सनदांकडे डोळे लावून बसलेले. अशा वेळी तलवारीपेक्षा कागद अधिक कामास येतो, हे या जुन्या कारकुनाने ओळखले. देशमुखांना अभयपत्रे द्यावीत, वतने व इनामे कबूल करावीत, एकेक घराणे परत स्वराज्यात आणावे, असा त्यांचा उद्योग वर्षानुवर्षे चालला होता. शिवछत्रपतींनी आवरलेल्या वतनदारीस यामुळे पुन्हा वाट मिळाली, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नव्हे. परंतु पगारास पैसा नसलेल्या सरकारापाशी देण्यासारखे दुसरे होते तरी काय? राजगड, तोरणा, रोहिडा हा मुलूख त्यांनी याच रीतीने सावरला. 1693 मध्ये त्यांच्याच प्रेरणेने नावजी बलकवडे यांनी सिंहगड सर केला.

पुढे राजाराम महाराजांनी त्यांना सचिवपद दिले. (जिंजीचे पूर्वीचे सचिव शंकराजी मल्हार ही वेगळी व्यक्ती, नामसाम्यामुळे अनेकदा घोटाळा होतो.) 1697 मध्ये महाराजांनी या शंकराजींना एक पत्र लिहिले. राज्याचा खरा अधिकारी शाहू. ईश्वर त्याला कधीतरी स्वदेशी आणील. आपला सारा खटाटोप त्याच्याचसाठी आहे, असा त्याचा आशय होता. हे पत्र शंकराजींच्या आयुष्याची गाठ ठरावयाचे होते.

1700 मध्ये राजाराम महाराज निवर्तले आणि ताराबाईंनी आपल्या पुत्राच्या नावे राज्य चालविले. 1703-04 मध्ये औरंगजेबाने सिंहगड, राजगड, तोरणा पुन्हा घेतले. बादशहाची पाठ फिरताच सचिवांनी गेलेले गड परत मिळविण्यास आरंभ केला. मग 1707 उजाडले. बादशहा मरण पावला, शाहू सुटून दक्षिणेत आले. हा शाहू तोतया आहे, असे ताराबाईंनी जाहीर केले आणि सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून आपल्या पुत्राशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेवविली. शंकराजींनीही ती घेतली. ऑक्टोबरात खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंना मिळाले; शाहू खरे आहेत याविषयी संशय उरला नाही. विजयी शाहूंनी सचिवांना भेटीस येण्याची आज्ञा केली.

धनाजींना जे साधले ते शंकराजींना साधले नाही. शपथ मोडावी तर वचनभंग, पाळावी तर ज्याच्यासाठी अठरा वर्षे राज्य राखले त्याच्याशीच द्रोह. भेटीस न जाता त्यांनी आंबवडे येथे देह ठेवला. कोणी जलसमाधी म्हणतात, कोणी हिरकणी खाल्ली असे सांगतात. स्वेच्छेने मरण पत्करले याविषयी मात्र दुमत नाही. जिवंत राहून मध्यस्थी केली असती तर भाऊबंदकीचा विस्तव लवकर विझता, असे आम्हांस वाटते. पण दूधभाताच्या शपथेचे ओझे आज मनात मोजणे अवघड आहे.

शाहूंनी या मृत्यूचा राग धरला नाही. सचिवांचा अल्पवयीन पुत्र नारो शंकर याला त्यांनी पित्याचे पद दिले. पुढे हाच मुलगा दमाजी थोराताच्या कैदेत सापडला. बाळाजी विश्वनाथांनी त्याची सुटका केली. त्या उपकाराबद्दल त्याच्या आईने पुरंदर बाळाजींना दिला. 1750 मध्ये सिंहगड पेशव्यांकडे गेला आणि मोबदल्यात तुंग व तिकोना मिळाले. राजगड आणि तोरणा मात्र 8 मार्च 1948 रोजी भोर संस्थान विलीन होईपर्यंत सचिवांच्याच घरात राहिले.