बायका वाईट की पुरुष? बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्येच हिशोब मांडला होता

सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये मोबाईल उघडला की एक रील हमखास येतं. बायका अशा आणि पुरुष तसे. बायको संशय घेते, गर्लफ्रेंड नाटकं करते, वगैरे वगैरे.

विषय आजचा वाटतो. पण याच विषयावर एका मराठी बाईने १८८२ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं होतं. पुस्तकाचं नाव स्त्री-पुरुष तुलना आणि बाईंचं नाव ताराबाई शिंदे.

ताराबाईंचा जन्म साधारण १८५० चा, वऱ्हाडातल्या बुलढाण्याचा. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्तेही. मुलीने शिकणं हेच नवल होतं त्या काळात त्यांनी लेकीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. लग्न झालं, पण नवरा घरजावई आला. त्यामुळे ताराबाई माहेरीच राहिल्या.

मग त्यांनी लेखणी का उचलली?

१८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. विधवेला मूल झालं हे कळलं तर समाज जगू देणार नाही, या भीतीने तिने आपलं नवजात बाळ मारलं होतं. कोर्टाने फाशी सुनावली. अपिलात फाशीऐवजी काळ्या पाण्याची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांना तर विषयच मिळाला. पुणेवैभवमध्ये एकूणच बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं गेलं.

त्या बाळाला बापही होताच की. पण गुन्हेगार ठरली ती एकटी बाई. ताराबाईंचा संताप इथे होता.

पण त्यांनी नुसता संताप केला नाही. बायकांचे दोष मोजून दाखवणारा एक जुना संस्कृत श्लोक त्यांनी समोर ठेवला आणि एकेक दोष तराजूत टाकला. संशय, उद्धटपणा, साहस, कपट... प्रत्येक वेळी पुरुषांचं पारडं खाली गेलं.

आणि भाषा कशी? ओट्यावर बसून एखादी फटकळ आत्या सुनावते तशी.

नवरा मेला म्हणून बाईचं केशवपन करता ना? मग बायको मेल्यावर पुरुषाने दाढी-मिशा भादरून रानात का जाऊ नये, असा त्यांचा सवाल. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. बायकोचे प्राण परत आणायला यमाच्या वाटेवर तरी गेलेला एखादा पुरुष दाखवा, असं त्यांनी सरळ आव्हान दिलं. सभेत सुधारणेची भाषणं ठोकायची आणि घरी काहीच करायचं नाही, अशा सुधारकांनाही त्यांनी सोडलं नाही. देवादिकांच्या भानगडीही काढल्या.

पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पुस्तकाच्या ५०० प्रती छापल्या गेल्या. किंमत नऊ आणे. पुस्तक येताच टीकेची झोड उठली. दुःखाची गोष्ट म्हणजे सत्यशोधक मंडळींतही काहींना ते पचलं नाही.

तेव्हा पाठीशी उभे राहिले महात्मा जोतीराव फुले. १८८५ मध्ये आपल्या सत्सारच्या दुसऱ्या अंकात त्यांनी लेकीचा कैवार घ्यावा तसा ताराबाईंचा कैवार घेतला आणि टीकाकारांना खडसावलं.

तरीही ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. १९१० च्या सुमारास त्या गेल्या आणि पुस्तकही विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅनलन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. आज भारतातल्या पहिल्या स्त्रीवादी लेखनात त्याची गणना होते.

बायकांवर जोक मारणारं रील पुढच्या वेळी आलं, तर लक्षात असू द्या. याचं उत्तर बुलढाण्याहून कधीच येऊन गेलंय.