समुद्रात बुडालेले ग्रंथ

भोकरदनसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावी बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र वाचताना आपण १९१७ या वर्षापाशी थोडे थांबावे. सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना लंडनमधील अध्ययन अर्धवट सोडावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते आणि जर्मन पाणबुड्या प्रवासी आगबोटींनाही सोडत नव्हत्या. ते स्वतः मार्सेलिसहून ‘कैसर-ए-हिंद’ बोटीने निघाले. ग्रंथ मात्र दुसऱ्या बोटीने पाठविले होते. ती बोट पाणबुडीने टॉर्पेडो डागून बुडविली. पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ जमविणाऱ्या या विद्यार्थ्याचे काय गेले असेल, याची कल्पना आपणच करावी.

२१ ऑगस्टला ते मुंबईस पोहोचले. करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू होणे भाग होते, पण वाटखर्चालाही पैसे नव्हते. ते मिळाले बुडालेल्या सामानाच्या नुकसानभरपाईतून! त्या पैशांवर ते बडोद्यास गेले, तर तेथे जातीमुळे त्यांना राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी वसतिगृहात ते उतरले, तेथूनही त्यांना हुसकावण्यात आले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि अर्धवट राहिलेले अध्ययन त्यांनी पूर्ण केले. पुढे दादरला ‘राजगृह’ बांधताना ग्रंथसंग्रहासाठी त्यांनी मुद्दाम जागा योजली.