संगीताचे संसारी : पं. विष्णू दिगंबर पलुस्कर

पूर्वी गाणे शिकायचे तर गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राबावे लागे. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेले पंडित विष्णू दिगंबर मिरजेस बाळकृष्णबुवांकडे असेच शिकले. पण १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि अभ्यासक्रम, पुस्तके, परीक्षा आखून दिल्या. संस्थानिकांच्या आश्रयाऐवजी लोकांच्या देणग्यांवर व जलशांच्या तिकिटांवर त्यांनी ती संस्था चालवली. पुढे मुंबईची इमारत कर्जापायी लिलावात गेली. पंडितजींनी आपल्या नाशकात रामनामाधार आश्रमही थाटला. १९३१ साली ते निवर्तले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. त्या परीक्षा आजही होतात. घरात कोणी गवई नसलेला मुलगाही फॉर्म भरून त्यांना बसू शकतो. घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्या मला त्यांचे हे कार्य गायनाइतकेच थोर वाटते.