पंडिता रमाबाईंच्या घरातील सकाळची प्रार्थना

स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि निराधार विधवांच्या आश्रयदात्या म्हणून पंडिता रमाबाई महाराष्ट्राला परिचित आहेत. त्यांच्या धर्मांतराविषयीही पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र आपल्या लहान मुलीला जवळ घेऊन रोज सकाळी बायबल वाचण्याच्या त्यांच्या प्रघातावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठा वाद उद्भवला आणि त्यात त्यांना सुधारक सहकाऱ्यांचा आधार गमवावा लागला, ही हकीकत तुलनेने कमी ठाऊक आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या लेकीच्या स्वाधीन केली. दिवसभर घरकाम आणि अतिथींची सरबराई असल्याने आईला सवड मिळे ती भल्या पहाटेच. पाखरे जागी होण्याच्या वेळी ती लाडक्या लेकीला गोंजारून उठवी आणि तोंडी पाठ देई. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले होते. तीर्थक्षेत्री पुराणे वाचून दाखविणे हेच या कुटुंबाच्या निर्वाहाचे साधन होते. धर्मग्रंथाचे नित्य वाचन ही त्यामुळे रमाबाईंच्या लेखी मिशनरींकडून आलेली नवलाई नव्हती. तो त्यांच्या माहेरचा संस्कार होता.

पुढे दुष्काळाने या कुटुंबाची वाताहत केली. आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीच्या दिवसांत कालवश झाले. भाऊ श्रीनिवास यांच्यासह पायी भटकत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या उपाध्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. सिल्चर येथील पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. बायबलशी त्यांचा खरा परिचय येथूनच सुरू झाला. १६ एप्रिल १८८१ रोजी कन्या मनोरमा जन्मली आणि अवघ्या दहा महिन्यांत पटकीच्या विकाराने पतीचे निधन झाले.

तान्ह्या मुलीसह रमाबाई पुण्यास आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडला प्रयाण केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. तथापि मठातील भगिनींचे प्रत्येक म्हणणे त्यांनी निमूटपणे मानले नाही. ख्रिस्ती सिद्धान्तांचा अर्थ आणि मनोरमेचे धर्मशिक्षण यांवरून सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. मुलीच्या बाबतीत अखेरचा शब्द आईचा, ही त्यांची भूमिका त्यांच्या पत्रव्यवहारातून स्पष्ट दिसते.

अमेरिकेच्या दौऱ्यात बॉस्टन येथे १८८७ मध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. १८९० मध्ये ते पुण्यास हलविण्यात आले. संस्थेत कोणत्याही धर्माची शिकवण दिली जाणार नाही, असे आश्वासन होते. हिंदू मुलींना आपल्या चालीरीती पाळण्याची पूर्ण मोकळीक होती. या हमीमुळेच न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार म्हणून पाठीशी उभी राहिली.

याच वास्तूत रमाबाई मनोरमेसह राहत. रोज सकाळी आपल्या खोलीत त्या मुलीबरोबर बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. रमाबाईंचा सहवास मिळावा म्हणून म्हणा किंवा कुतूहलाने म्हणा, सदनातील काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलाविले नाही आणि घालविलेही नाही. वादाची ठिणगी पडली ती येथे.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजू अगदीच निराधार नव्हती. मुली परावलंबी होत्या. त्यांच्या पालकांनी धर्मनिरपेक्ष शिक्षणाच्या हमीवर त्यांना सदनात ठेवले होते. ज्या बाईंनी निवारा दिला, माया दिली, त्यांच्या प्रार्थनेचा प्रभाव कोवळ्या मनावर पडणारच, मग तो पाठ वर्गात दिला काय किंवा खोलीत दिला काय, असा हा युक्तिवाद होता. केसरीने तर सदनावर टीकेची झोड उठविली. उलटपक्षी, हिंदू मुलींना स्वधर्म पाळण्याची मुभा असताना आपल्यालाच आपल्या खोलीत मुलीसह उपासना करण्याची चोरी का, असा रमाबाईंचा सवाल होता. दार लावून घेणे म्हणजे आपली श्रद्धा लपविणे होय, असे त्यांना वाटे. ही तडजोड त्यांनी अखेरपर्यंत केली नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुलींना सदनातून काढून नेले. पुढे काही मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हे खरे. तथापि सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांनी त्याच १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या हिंदूच राहिल्या, हेही तितकेच खरे आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. तेथे धर्माबाबत आडपडदा नव्हता; प्रार्थना आणि बायबलवाचन हा दिनक्रमाचा उघड भाग होता. मात्र येथे निराळीच अडचण उभी राहिली. दुष्काळातून आलेल्या बहुतेक मुलींना अक्षरओळख नव्हती आणि प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर होती. आईजवळ बसून ऐकावे तसे ते त्यांना समजणे शक्य नव्हते.

रमाबाईंनी यावर जो उपाय योजला, तो त्यांच्याच योग्यतेचा होता. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा त्यांनी उतारवयात अभ्यास केला आणि संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. एकेकाळी संस्कृतवरील प्रभुत्वाने पंडितसभा गाजविणाऱ्या या विदुषीने जड संस्कृत शब्द जाणीवपूर्वक बाजूला सारले. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीच्या छापखान्यातील स्त्रियांनी केली. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा यांचे निधन झाले. जिच्यासाठी खोलीतील ते वाचन सुरू झाले होते, ती मुलगी आईच्या आधीच गेली. रमाबाईंनी हाती घेतलेले भाषांतर मात्र सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगाव येथे देह ठेवला, तेव्हा ते पूर्ण झालेले होते. पुढे १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला.

घरातील उपासना कोठे संपते आणि संस्थेची जबाबदारी कोठे सुरू होते, हा १८९३ मधील प्रश्न आजही निकालात निघालेला नाही. रमाबाईंच्या उत्तराशी सर्वांचे मत जुळेलच असे नाही. परंतु आईने पहाटे दिलेला वाचनाचा वारसा त्यांनी वेगळ्या ग्रंथाच्या रूपाने लेकीला दिला, त्याची पुरेपूर किंमत मोजली आणि निरक्षर मुलींनाही तो ग्रंथ समजावा म्हणून आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.