डॉ. चार्लस डॉटर

यंत्र दिसलें कीं तें उघडून पाहावें, त्याचे भाग निराळे करावे आणि पुन्हां जोडावे, ही खोड पुष्कळ मुलांस असते. आणि तिच्याबद्दल घरीं शाबासकीपेक्षां बोलणींच अधिक खावीं लागतात. परंतु हीच खोड एका मनुष्यानें जन्मभर जोपासली व तिच्या योगानें वैद्यकास एक नवा मार्ग उघडून दिला. त्याचें नांव डॉ. चार्लस थिओडोर डॉटर. आज जगांतील लक्षावधि रोगी छाती किंवा पाय न चिरतां, सुईनें पाडलेल्या एका छिद्रावाटें उपचार करून घेतात आणि थोड्याच दिवसांत चालत घरीं जातात. ह्या उपकाराचा उगम शोधूं लागल्यास आपण बऱ्याच अंशीं ह्याच पुरुषापाशीं येऊन पोंचतों. म्हणून त्यांचें चरित्र आम्हीं येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

डॉ. डॉटर ह्यांचा जन्म अमेरिकेंतील बोस्टन शहरीं १४ जून १९२० रोजीं झाला. यंत्रांची आवड त्यांस बाळपणापासूनच होती. १९४१ सालीं त्यांनीं ड्यूक विद्यापीठाची पदवी मिळविली व १९४४ सालीं कॉर्नेल विद्यापीठांतून ते डॉक्टर झाले. पुढें न्यूयॉर्क येथें त्यांनीं क्ष-किरणशास्त्राचा अभ्यास केला. १९५२ सालीं पोर्टलंड येथील ऑरेगन विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेंत क्ष-किरण विभागाचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली, तेव्हां त्यांचें वय अवघें ३२ वर्षांचें होतें. ही जागा त्यांनीं मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारें ३३ वर्षें, भूषविली.

त्या काळीं क्ष-किरणवैद्याचें काम पाहण्यापुरतेंच असे. स्वीडनमधील डॉ. सेल्डिंगर ह्यांनीं १९५३ सालीं एक सुलभ रीत प्रसिद्ध केली होती. सुईनें रोहिणींत छिद्र करावयाचें, सुईंतून बारीक लवचिक तार आंत सारावयाची, सुई काढून घ्यावयाची आणि तारेच्या आधारानें एक मऊ नळी आंत सोडावयाची. ह्या नळीस कॅथेटर म्हणतात. तिच्यांतून औषध सोडून क्ष-किरणांनीं चित्र घेतलें म्हणजे रोहिणी कोठें अरुंद झाली आहे तें दिसे. मग तें चित्र शस्त्रवैद्याकडे जाई, आणि क्ष-किरणवैद्याचें काम तेथेंच संपे.

१९६३ सालीं एका रोग्याच्या बंद पडलेल्या रोहिणींतून डॉटर ह्यांची नळी अकल्पितपणें पलीकडे गेली व ती वाट मोकळी झाली. दुसरा एखादा हा योगायोग म्हणून विसरून गेला असता. डॉटर विचार करूं लागले. ज्या नळीनें वाट दिसते, त्याच नळीनें वाट मोकळी कां करितां येऊं नये? त्याच वर्षीं चेकोस्लोव्हाकियांतील कार्लोवी व्हारी येथें भरलेल्या परिषदेंत त्यांनीं हा विचार विद्वानांपुढें मांडला.

विचार मांडणें निराळें व तो जिवंत माणसावर करून पाहणें निराळें. तो प्रसंग १६ जानेवारी १९६४ रोजीं आला. ८२ वर्षांची एक वृद्धा रुग्णालयांत पडून होती. तिच्या डाव्या पायास रक्त पोंचत नव्हतें. जखम भरत नव्हती आणि बोटें सडूं लागलीं होतीं. पाय कापण्यावांचून दुसरा उपाय नाहीं असें शस्त्रवैद्यांचें मत पडलें; पण बाई कांहीं केल्या त्यास संमति देईना. तेव्हां तिला डॉटर ह्यांच्याकडे पाठविण्यांत आलें. त्यांनीं मांडीच्या रोहिणींतील अरुंद जागेंतून प्रथम तार पार केली, तिच्यावरून एक निमुळती नळी सारली व तिच्यावरून आणखी जाड नळी सारून ती वाट रुंद केली. थोड्याच वेळांत थंडगार पडलेलें पाऊल ऊन झालें. वेदना थांबल्या, पुढें जखमही भरून आली. ती बाई त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ जगली आणि अखेरपर्यंत आपल्याच दोन पायांनीं चालली.

आमच्या वाचकांस वाटेल कीं, ह्या यशानंतर सर्वांनीं डॉटर ह्यांचा जयजयकार केला असेल. तसें घडलें नाहीं. चिरफाड न करितां रोहिणी दुरुस्त होते, हें कित्येक शस्त्रवैद्यांस पटेना. एकानें तर रोगी पाठवितांना चिठ्ठींतच बजावलें होतें कीं, रोहिणीचें चित्र तेवढें घ्यावें, दुरुस्तीच्या भानगडींत पडूं नये. डॉटर ह्यांचा स्वभावही ह्या विरोधास कांहींसा कारण होता. ते उतावळे व नाटकी होते. नळ व पाना ह्यांचें चित्र त्यांनीं आपलें बोधचिन्ह केलें होतें. कारण नळकारागीर जें लोखंडी नळास करितो तेंच आपण रक्ताच्या नळास करितों, असें ते मानीत. पुष्कळांनीं त्यांस विक्षिप्त ठरविलें. अमेरिकेंत त्यांची रीत दहा-बारा वर्षें जवळजवळ अडगळींत पडली. युरोपांत मात्र कांहीं डॉक्टरांनीं ती उचलली व तिला डॉटर ह्यांचेंच नांव दिलें.

साधनें मिळत नसत, तेव्हां डॉटर तीं स्वतः बनवीत. गिटारीच्या तारा व मोटारींतील वेगमापकाच्या केबली त्यांनीं ह्या कामीं लावून पाहिल्या. १९६३ सालीं शिकागो येथें भरलेल्या प्रदर्शनांत बिल कुक नांवाचा एक तरुण नळ्या तयार करून दाखवीत होता. डॉटर ह्यांनीं त्याची ज्योतीची शेगडी व कांहीं नळी रात्रीपुरती मागून नेली आणि सकाळीं दहा तयार कॅथेटर आणून त्याच्या हातीं दिले. त्या ओळखींतून पुढें एक मोठा उद्योग उभा राहिला.

रुंद केलेली रोहिणी पुन्हां आकसते, ही अडचण राहिलीच होती. तिला आंतून टेकू देण्याची कल्पना डॉटर ह्यांस सुचली. १९६९ सालीं त्यांनीं कुत्र्यांच्या रोहिणींत प्लॅस्टिकच्या नळ्या व तारेचीं वेटोळीं बसविलेलीं प्रसिद्ध केलीं. नळ्या रक्त गोठून लवकरच बुजल्या. वेटोळीं मात्र पुष्कळ काळ मोकळीं राहिलीं. पण वेटोळें जेवढ्या छिद्रांतून आंत जाई तेवढेंच तें लहान राही. आंत जातांना बारीक आणि जागीं पोंचतांच मोठी, अशी वस्तु आणावी कोठून?

ती वस्तु एका निराळ्याच ठिकाणीं जन्मास आली होती. अमेरिकन आरमाराच्या प्रयोगशाळेंत विल्यम ब्यूलर हे निकेल व टायटेनियम ह्यांचा मिश्रधातु करून पाहत होते. एका सभेंत ह्या धातूची घड्या पाडलेली पट्टी हातोहात फिरत असतां कोणीं तरी तिला लायटरची ज्योत लावली. तोंच ती आपोआप ताठ झाली! धातु थंड असतां त्याचे अणु एका रचनेंत असतात व तो सहज वाकतो. उष्णता लागतांच ते मूळच्या रचनेंत परततात आणि भट्टींत दिलेला आकार धातूस जणूं आठवतो. ह्या धातूस नायटिनॉल म्हणतात. डॉटर ह्यांनीं त्याचें वेटोळें आकसून नळीवाटें कुत्र्याच्या रोहिणींत सोडलें, मिठाचें ऊन पाणी आंत सोडलें, आणि वेटोळें फुलून रोहिणीच्या भिंतीस टेकलें. १९८३ सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं मिनेसोटा येथील संशोधकांनींही असाच प्रयोग जाहीर केला.

हें सर्व काम निरोगी मनुष्याचें नव्हे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. डॉटर ह्यांस हॉजकिनचा रोग जडला होता आणि हृदयावरही शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती. तरी गिर्यारोहणाचा नाद त्यांनीं सोडला नाहीं. आपल्या देशांतील चौदा हजार फुटांहून उंच अशीं ६७ शिखरें त्यांनीं सर केलीं. १९७४ सालीं झूरिक येथील डॉ. ग्रुंटझिग ह्यांनीं नळीच्या टोकास फुगा बसवून डॉटर ह्यांची रीत सुधारली व १९७७ सालीं ती हृदयाच्या रोहिणीवर चालविली. जगानें वाहवा केली ती बहुतांशीं ह्या नव्या रीतीची. १९७८ सालीं नोबेल पारितोषिकासाठीं डॉटर ह्यांचें नांव सुचविण्यांत आलें, पण पारितोषिक त्यांस मिळालें नाहीं. १५ फेब्रुवारी १९८५ रोजीं ते निवर्तले. नायटिनॉलचीं वेटोळीं माणसांच्या रोहिणींत सर्रास बसूं लागलेलीं पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. १९९० सालीं पोर्टलंड येथें त्यांच्या नांवानें एक संस्था स्थापन झाली.

ह्या चरित्रावरून काय घ्यावें? हट्ट धरावा, असें आम्ही म्हणणार नाहीं. हट्टी माणसें चुकतातही पुष्कळ. परंतु डॉटर ह्यांचा हट्ट स्वतःच्या मोठेपणासाठीं नव्हता. तो एका म्हातारीच्या पायासाठीं होता. दुसरें असें कीं, पदवी मिळाल्यावरही त्यांनीं हातांस काम करण्याची लाज वाटूं दिली नाहीं. आपल्याकडे पुस्तकी विद्या व कारागिरी ह्यांमध्यें जी भिंत उभी आहे, ती ह्या डॉक्टरानें कधीं मानलीच नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं घड्याळ किंवा सायकल खोलून बसणारा धाकटा भाऊ असेल, तर त्यानें त्या मुलावर रागावण्यापूर्वीं हें चरित्र क्षणभर आठवावें. मात्र खोललेलें यंत्र पुन्हां जोडून ठेवावें, ही अट त्यास अवश्य घालावी.